पद्मिनीत मागे सहा-बाय-नऊचे स्पीकर, आणि तेही पत्रा न कापता

चार इंची स्पीकरमधून तबला ऐकला की नुसती चाट ऐकू येते, डग्गा गायब. आमच्या पद्मिनी गाडीत वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. मागच्या काचेखाली हार्डबोर्डची फळी, त्यात बाबांनी नव्वदच्या दशकात कधीतरी लावून घेतलेले दोन गोल चार इंची, आणि त्यातून अभंग लावा नाहीतर लावणी, टाळ एकदम खणखणीत आणि बाकी सगळं कुठेतरी लांब शेजारच्या सोसायटीत वाजत असल्यासारखं. स्पीकरचे कागदाचे कोन (मधला हलणारा पडदा) उन्हाने पिवळे पडून कडेला फाटायला लागले तेव्हा म्हटलं बास, आता मोठेच घालायचे. सहा-बाय-नऊ इंचांचे ओव्हल, म्हणजे लंबगोल. मुंबईत काळीपिवळीत मागच्या सीटवर बसलं की बरोब्बर मानेमागे धडधडायचे ना, तेच. (त्या पद्मिनी टॅक्स्या आता गेल्या, ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत अधिकृतपणे बंद, कारण टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आणि शेवटच्या पद्मिनीचं रजिस्ट्रेशन २००३ च्या ऑक्टोबरमधलं. आमची खाजगी आहे, ती चालतेय अजून.)

गाडी १९७८ ची. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, त्याआधी तीच गाडी फियाट ११०० म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यातून निघायची, म्हणून आमच्याकडे आजी अजूनही तिला फियाटच म्हणते. १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगवर, पुढे सलग सीट. दारं एवढी पातळ की काच खाली केली की आत स्पीकरच्या मॅग्नेटला जागाच उरत नाही, त्यामुळे आवाज सुधारायचा तर खरी जागा एकच, मागची फळी.

तर पहिल्या दुकानात गेले. पोराने गाडीत डोकं घातलं, हार्डबोर्ड वर उचलून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, होऊन जाईल. खालचा पत्रा कापावा लागेल थोडा, ग्राइंडरने अर्ध्या तासात." मी म्हटलं पत्रा कापायचा नाहीये. तर तो माझ्याकडे न बघता बाबांकडे बघून म्हणतो, "काका, सगळ्यांचाच कापतो आम्ही." काका म्हणाले गाडी तिची आहे आता, तिलाच विचार. विषय संपला.

पत्रा का नाही कापायचा हे जरा सविस्तर सांगते, कारण जुन्या गाड्यांचं मागचं सगळं याच एका अर्ध्या तासात वाटोळं झालेलं असतं. एक म्हणजे या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. मागच्या सीटच्या पाठीमागचा आणि काचेखालचा आडवा पत्रा डाव्या उजव्या बाजूंना धरून ठेवतो, तो काही नुसती वस्तू ठेवायची जागा म्हणून दिलेला नाही. दुसरं, ग्राइंडरने कापलेली कड म्हणजे उघडा पत्रा, आणि मागच्या काचेचं रबर या वयात कुठे ना कुठे गळतंच, म्हणजे पुण्याचे दोन पावसाळे गेले की गंज ठरलेला. आणि तिसरं, जे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नकोत. आमचीला २०२८ मध्ये पन्नास पूर्ण होतील. आता स्पीकरची दोन भोकं म्हणजे मोठा फेरफार का, यावर कोणी तासभर वाद घालेल, पण तो वाद मला इन्स्पेक्टरसमोर उभं राहून घालायचाच नाहीये.

बरं आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसले. लोक मोठा स्पीकर आणतात, त्याच जुन्या हार्डबोर्डला मोठं भोक पाडून ठोकतात आणि मग म्हणतात बेस (खर्ज) काही वाढला नाही, ॲम्प (वेगळा ॲम्प्लिफायर) पाहिजे, वूफर (खास खर्जाचा स्पीकर) पाहिजे. अहो फळी बघा आधी. स्पीकरचा कोन पुढे येतो तेव्हा वरची हवा ढकलतो आणि त्याच क्षणी खालची हवा ओढतो, म्हणजे वरचा आणि खालचा आवाज एकमेकांच्या बरोबर उलटे. मधे घट्ट आडोसा नसेल तर हवा कडेने इकडची तिकडे जाते आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या पट्टीतल्या सुरांना फारसा फरक पडत नाही पण खर्जाची लाट लांब असते, ६० हर्ट्झची जवळजवळ पावणेसहा मीटर, ती अशा फटीतून सहज वळसा घालून जाते. खोटं वाटत असेल तर करून बघा. मी घरी व्हरांड्यात स्पीकर नुसता हातात धरून वाजवला, पत्र्याच्या डब्यात गाणं चालू असल्यासारखा आवाज. मग तोच स्पीकर भोक पाडलेल्या प्लायच्या तुकड्यावर पालथा दाबून धरला, आणि एकदम डग्गा! बाबा आतून पेपर घेऊन बाहेर आले, म्हणे काय लावलंस. काहीच लावलं नव्हतं, तेच गाणं, तोच व्हॉल्यूम, फक्त खाली फळी आली.

आकाराचा फायदा आहेच, नाही असं नाही. सहा-बाय-नऊच्या कोनाचं क्षेत्रफळ चार इंचीच्या साधारण चार-साडेचारपट भरतं, साडेसहा इंची गोलाच्याही दुप्पटीच्या जवळ. आणि ओव्हल का, तर गाडीची मागची फळी आडवी लांब आणि पुढेमागे अरुंद असते, त्या पट्टीत गोल स्पीकर फार मोठा बसतच नाही. पण एवढा मोठा कोन पातळ हार्डबोर्डवर ठेवला तर कोनाबरोबर फळीच नाचते, आणि फळी नाचली की कोनाची मेहनत तिथेच जिरते. त्यात एकेका स्पीकरचं वजन दीड-दोन किलो, वर मे महिन्यातलं ऊन, हार्डबोर्ड मधे वाकतोच वाकतो.

म्हणून ठरवलं की मूळ हार्डबोर्डला हातच लावायचा नाही. तो तसाच काढून ठेवायचा, आणि त्याच मापाची नवी प्लायची फळी करायची जी गाडीतल्या आधीच्याच भोकांवर बोल्टने बसेल.

टिंबर मार्केटातून १२ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय आणला. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) घेऊ नका, आवाजाच्या दृष्टीने उत्तम असतो, सगळे व्हिडिओवाले तोच सांगतात, पण त्यांच्याकडे पागोळ्या गळणारी मागची काच नसते. एमडीएफला एकदा पाणी लागलं की फुगून कडा भाकरीसारख्या सुटतात. सुतारकाकांनी जुना हार्डबोर्ड ठेवून पेन्सिलने आखून घेतला, पण कापायच्या आधी खोली बघायची होती. माझ्या गाडीत हार्डबोर्डखाली पत्र्याच्या पट्ट्यांमधे मोकळी जागा आहे, स्पीकरचं भांडं तिथून खाली उतरतं, मात्र मॅग्नेट डिकीत लोंबतं. सहा-बाय-नऊची खोली ८ सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि डिकी बंद करताना झाकणाच्या बिजागरीचे दांडे नेमके कुठून कसे फिरतात हे बाहेरून कळत नाही, कारण डिकी बंद झाली की बघणार कोण. मग आईने युक्ती सांगितली. मॅग्नेटच्या खाली कणकेचा लिंबाएवढा गोळा चिकटवला, फळी जागेवर ठेवली, डिकी हळूच बंद केली, परत उघडली. डावीकडचा गोळा जसाच्या तसा. उजवीकडच्याला एका अंगाला दांड्याची स्वच्छ खाच पडलेली. म्हणजे उजवा स्पीकर दांड्याला घासणार होता. स्पीकर मधल्या बाजूला बोटभर सरकवला, आणि दोन्हीकडे स्पीकरखाली प्लायचीच अठरा एमएमची ओव्हल रिंग टाकून त्यांना वर उचललं. दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात म्हणून डावाही तेवढाच सरकवला. परत कणीक लावली, गोळा शाबूत. आई म्हणाली आता ती कणीक पोळ्यांना चालणार नाही हं.

रिंगचा आणखी एक फायदा म्हणजे भोकाभोवती फळी तीस एमएम जाड होते, जिथे ताकद पाहिजे तिथेच. रिंग फेविकॉल लावून शिकंजात रात्रभर दाबून ठेवली, वर स्क्रू. स्पीकरसाठी लाकडी स्क्रू न वापरता खालून टी-नट (लाकडात रुतणारे दातेरी नट) ठोकले, कारण लाकडी स्क्रू दोनदा काढला-घातला की भोक ढिलं होतं आणि मग तोच खुळखुळतो. प्लायला सगळ्या बाजूंनी, भोकाच्या आतल्या कडेलासुद्धा, प्रायमर. तिथे लोक विसरतात आणि पाणी बरोबर तिथूनच शिरतं.

अखंड फळी मागच्या दारातून वळवून आत न्यायची म्हणजे एक प्रकरण आहे. मागच्या सीटची पाठ काढावी लागते. काढली तेव्हा कळलं की सीट आणि डिकीच्या मधे फक्त एक जुना पुठ्ठा आहे, तोही ओलीने लाटा लाटा झालेला. म्हणजे वरून फळी कितीही घट्ट केली असती तरी डिकीतली हवा सीटच्या मागून आरामात आत आली असती, वर लिहिलंय तेच परत, वळसा घालून. तर तिथेही ६ एमएमचा प्लाय, कडेने दाराच्या रबराची फोमपट्टी, आणि मग वरची फळीही त्याच फोमपट्टीवर दाबून बोल्ट. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक या सीटमागच्या आडोशाने पडला आणि त्याचा खर्च सगळ्यात कमी. डिकी आता एक मोठं खोकं झालीय, खोक्याची भिंत म्हणजे फळी आणि सीटमागचा प्लाय.

स्पीकर निवडताना खोक्यावर छापलेल्या वॅटकडे बघूच नका. "६०० वॅट" लिहिलेले स्पीकर दोन हजारातही मिळतात, त्या आकड्याला काही अर्थ नसतो. स्टिरिओवरचं "५० गुणिले ४" पण तसंच. हिशोब करा ना, गाडीत १४ व्होल्टच्या आसपास मिळतात, स्पीकर ४ ओहमचा, तर १४ चा वर्ग भागिले ८ (ओहमची दुप्पट), साडेचोवीस वॅट, ही कागदावरची कमाल, त्यातून स्टिरिओतल्या चिपचा स्वतःचा खर्च वजा करा, फारतर १८-२० राहतात. आणि आमच्या गाडीत तर अजून मूळ डायनॅमो (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर) आहे. ज्यांनी त्याजागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर टाकून घेतलाय त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. डायनॅमोचं असं की सिग्नलला गाडी आयडलवर उभी राहिली की तो जवळजवळ काही देत नाही, चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो आणि सगळा भार बॅटरीवर. त्यात रात्र असेल तर हेडलाइट एकटे नऊ-दहा अँपिअर खातात, वर पाऊस असेल तर वायपर. यावर ॲम्प टाकणं म्हणजे युनिव्हर्सिटी चौकातल्या सिग्नलला बॅटरी पार उतरवून घेणं.

मग उपाय काय, तर सेन्सिटिव्हिटी बघायची, म्हणजे तेवढ्याच वॅटला स्पीकर किती मोठा वाजतो ते. खोक्यावर बारीक अक्षरात डेसिबलमध्ये लिहिलेली असते. तिथे ३ डेसिबल जास्त म्हणजे दुप्पट वॅट दिल्यासारखं. मी ८८ वाले बाजूला ठेवून ९२ वाले घेतले, त्यामुळे तेवढ्याच अठरा वॅटमध्ये अडीचपट पॉवर दिल्यासारखा आवाज निघतो आणि बॅटरीला कळतही नाही. (कंपन्या मोजताना थोडी चलाखी करतात, ते धरूनसुद्धा.) दुसरं बघायचं ते कोनाच्या कडेची पट्टी. फोमची असेल तर काचेखालच्या उन्हात काही वर्षांत चुरा होतो, रबराची घ्या.

बाबांचं म्हणणं ॲम्प घेऊनच टाक, परत परत काढणार आहेस का. मी म्हटलं आधी ऐका तरी.

वायर. तापकीर गल्लीतून १६ गेजची आणली, विकत घ्यायच्या आधी टोक ब्लेडने खरवडून बघितलं. आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, लालच राहिलं तर तांबं. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, करू दे. वायर डाव्या बाजूच्या दाराच्या सिलखालून (उंबऱ्याखालून) मागे नेली कारण गाडीची मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि बॅटरीचं सगळं दुसऱ्या बाजूने जातं, आणि डिकीच्या पत्र्यातून वायर जिथे जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी), नाहीतर पत्र्याची कड वर्षभरात वायर सोलते. प्लस-मायनस तपासायला पेन्सिल सेल पुरे, दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला आणि कोन वर उचलला तर सेलचा प्लस जिथे तो स्पीकरचा प्लस. हे जरूर करा. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर दोन कोन एकमेकांविरुद्ध हलतात आणि मग एवढी सगळी सुतारकी पाण्यात, बेस परत गायब.

डॅशबोर्डवरचा मूळ रेडिओ शोभेला तिथेच आहे, खरा स्टिरिओ ग्लव्ह बॉक्समध्ये. पुढे दोन्हीकडे पायापाशी प्लायच्या छोट्या खोक्यांत नवे चार इंची लावलेत, त्यांना स्टिरिओमधूनच १२० हर्ट्झच्या खालचं बंद केलंय म्हणजे ते उगाच धापा टाकत नाहीत. मागच्यांना ५० च्या खालचं बंद. फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल) थोडा पुढे. म्हणजे गायक समोर बसतो आणि ठेका मागून येतो. शुद्धतावादी म्हणतील सगळं पुढूनच यायला हवं, मागे स्पीकर हवेतच कशाला. त्यांनी पद्मिनीच्या दारात साडेसहा इंची बसवून दाखवावेत.

ओव्हलमधले ट्वीटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर) वर मागच्या काचेकडे बघत असतात, त्यांचा आवाज काचेवर आपटून पुढे येतो आणि सकाराचे सगळे शब्द जरा जास्तच सळसळतात. वर काळा फेल्ट आणि जाळी लावली तेव्हा थोडं कमी झालं. पूर्ण नाही.

पहिल्यांदा नीट ऐकलं ते सिंहगड रोडला, रात्री. ढोलकीची थाप पाठीला लागली. आणि त्याच्याबरोबर लागला खडखडाट! पंचेचाळीस वर्षांपेक्षा जास्त जुन्या गाडीत खर्ज सोडला की प्रत्येक सैल स्क्रू हजेरी लावतो. मागची नंबरप्लेट, डिकीचं लॉक, जॅकचा दांडा, मागच्या काचेच्या बीडिंगचा एक तुकडा. मग एकाने मागे डोकं घालून बसायचं, दुसऱ्याने फोनवरून ४० ते १२० हर्ट्झचा एकेक सूर लावत जायचं, जे वाजेल त्यावर बोट ठेवायचं. बाबा या कामात एवढे रमले की जेवायला हाक मारावी लागली. नंबरप्लेटमागे फोम, जॅकला जुनी सायकलची ट्यूब गुंडाळली, डिकीच्या झाकणाला आतून ब्युटाइलची (कंप शोषणारी चिकट रबरी) शीट दोन ठिकाणी. सगळीकडे चिकटवू नका, झाकणाचं वजन वाढतं आणि ते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा काही तरुण नाहीत.

डिकीत मॅग्नेटखाली बारीक जाळीचा पिंजरा करून लावलाय, कारण आमच्याकडे बॅग ठेवतात ती ढकलूनच. जुना हार्डबोर्ड माळ्यावर आहे, चार इंची भोकांसकट. ती भोकं मूळ नाहीतच म्हणा, पण निदान पत्र्याला तरी नाहीत. फळी काढायची वेळ आली तर सीटची पाठ, सहा बोल्ट आणि दोन कनेक्टर एवढंच काम आहे.

बाबांनी ऐकून ॲम्पचा विषय परत काढला नाही. ॲम्प पाहिजे असेल तर आधी अल्टरनेटर, असं आता तेच मित्रांना सांगत असतात.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. इंजिन चालू असताना आवाज अगदी कमी केला की स्पीकरमधून बारीक टिकटिक येते, ॲक्सिलरेटर दाबला की जलद होते, म्हणजे इग्निशनचीच (इंजिनातल्या ठिणगीची) आहे. पॉइंटवाली गाडी, त्यात जुन्या तांब्याच्या प्लग वायरी, त्या छोट्या रेडिओ स्टेशनसारख्याच वागतात. कंडेन्सर नवीन टाकला, स्टिरिओची अर्थ थेट बॉडीला घासूनपुसून दिली, अर्धी कमी झाली. आता रेझिस्टन्सवाल्या प्लग कॅप लावून बघायच्यात, नाना पेठेत सांगून ठेवल्यात. कोणी पद्मिनीला लावल्या असतील तर सकाळी थंडीत स्टार्टिंगला काही त्रास होतो का तेवढं सांगा.